आखूड पट्टा

सोमवार, ३ फेब्रुवारी

पलंगावर लोखंड! तेही कालच धुतलेल्या चादरीवर!

सूनबाईंनी आज कामावरून एक पोलादी पत्रा आणला — पाठीएवढा, मधे वाकवलेला, ठिकठिकाणी चिरा पाडलेला. त्याला काळे पट्टे, कड्या, बकल. बैलाचा साज परवडला. ह्याला म्हणे बॅकप्लेट म्हणतात. ही पाठीला बांधायची, हिच्यावर हवेचं सिलिंडर चढवायचं आणि पाण्यात उतरायचं.

उतरायचं कशाला? तर मत्स्यालयातल्या मोठ्या टाकीची काच आतून पुसायला! लग्न ठरताना सांगितलं होतं, "मुलगी मत्स्यालयात आहे." मी समजले, टेबल-खुर्ची असेल, तिकिटं फाडत असेल. घरच्या भांड्यांना बाई लावायची आणि स्वतः जाऊन माशांच्या घरच्या काचा पुसायच्या. मासे तरी धन्यवाद म्हणतात का?

पत्रा आधी कुणा जाड्याचा होता. तो नोकरी सोडून गेला, त्याचे पट्टे हिच्या गळ्यात आले. हिच्या अंगावर ते लोंबतात, सिलिंडर पाठीवर डुलतं आणि मानेशी घासतं. दोन्ही खांद्यांवर लाल वळ उठलेत, एके ठिकाणी कातडीच सोलली आहे. तेल लावलं. म्हणजे तिनंच लावलं. मी फक्त बाटली पुढे केली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज कळलं, एवढी घाई कशाची ते. पुढच्या शुक्रवारी परीक्षा आहे. टाकीचा साहेब हिला पाण्यात सांगणार — सगळा साज उतरव आणि पुन्हा चढव, कुणाचा हात न लागता. जमलं तर नोकरी कायम. पण इथं नाही, आगगाडीनं सात तासांवरच्या शहरात नवं मत्स्यालय उघडतंय, तिथं. राहायला दोन खोल्याही देणार. नाही जमलं तर दुसरा उमेदवार दारात उभाच आहे, आणि हिची इथली हंगामी नोकरीही महिनाअखेर संपली.

चिरंजीव जेवता जेवता म्हणाले, "जाऊ की! मी तिकडे काहीही काम बघेन."

काहीही! मोरीतला नळ बदलायला ह्याला तीन महिने लागले, आणि नव्या शहरात काहीही बघणार. पण सूनबाईंचा चेहरा असा उजळला, की मी वाढायचं थांबवून बघत राहिले. भोळीच आहे.

म्हणजे दोघं जाणार. मग घरात मी आणि हे. हे म्हणजे काय — वर्तमानपत्र आणि त्यामागून येणारा खोकला.

संध्याकाळी देवापुढे बसले. जपात तीनदा चुकले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

चिरंजिवांनी मोबाईलवर बघून पट्टे बसवायला घेतले. मोबाईलमधला माणूस इंग्रजीत बोलतो, हा मान डोलवतो. तासभर डोलवली. शेवटी पत्रा उलटा आणि पट्ट्याला पीळ. सूनबाई म्हणाली, "अहो, राहू दे, मी बघते." हा म्हणाला, "मी केलंच होतं, तू हलवलंस!" हुबेहूब ह्यांचा आवाज. बापाकडून घर नाही मिळालं, पण हे मिळालं.

वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. "अहो, तुमच्या दोरीवर ते काळं काळं काय वाळतंय?" मी म्हटलं, पट्टा. "कसला पट्टा?" आता काय सांगू! त्यात एक पट्टा पायांमधून जाऊन पुढे कमरेला अडकतो. तो नसला तर म्हणे सगळा साज वर सरकून डोक्याशी येतो. मी म्हटलं, "सामान बांधायचा." खोटं नाही. देवाला कळतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

न राहवून आज मीच हात घातला. मॅट्रिक झालेली आहे आणि चाळीस वर्षं घरातले कपडे मी बेतते. पट्टा काय, कापडच की!

खरं तर फार अवघड नाही. पट्टा एकच, लांबलचक. पत्र्याच्या वरच्या चिरांत अडकतो, दोन्ही खांद्यांवरून पुढे येतो, काखेखालून परत मागे जातो, खालच्या चिरांतून निघतो आणि त्याचीच दोन टोकं कमरेला बकलात येतात. खांद्याकडे सोडला की कमरेला कमी, कमरेला सोडला की खांद्याला कमी. आखूड पांघरुणासारखं!

सूनबाईला आरशापुढे उभं केलं. घरातल्या सुती कपड्यांवर बेतलं, अगदी अंगाबरोबर. सुरकुती नाही, झोळ नाही. ती म्हणाली, "आई, जरा घट्ट होतंय का?" मी म्हटलं, "सैल म्हणून तर सोलून निघालीस. सरळ उभी राहा."

कमरेपाशी दोन्ही बाजूंना वीतभर टोकं उरली. ती बाजारात गेल्यावर मी ती कापली. काडीनं कडा जाळून घेतल्या, दोरे सुटू नयेत म्हणून. उरलेल्या तुकड्यांचा पिशवीला नवा बंद झाला. वाया काही घालवू नये.

रविवार, ९ फेब्रुवारी

सूनबाईच्या खांद्यांसाठी काल आणलेलं मलम हिशेबात कुठं धरू? औषध? सूनबाईची हौस? शेवटी "किरकोळ" लिहिलं. ह्या घरात माझी सगळी डोकेदुखी किरकोळमध्येच जाते.

सोमवार, १० फेब्रुवारी

सूनबाई दुपारीच घरी आली. केस ओले. चप्पलही न काढता तशीच आत आली.

"आई, टोकं कापलीत?"

"उरली होती."

"उरलेली नव्हती! वर रबरी सूट असतो! बोटभर जाड! त्याच्यावर कमरेचं बकल लागेना. कमरेला ओढलं तर खांद्याला असं आवळलं, की हातच बाहेर निघेना. साहेबांनी स्वतः पाण्यात उतरून सोडवलं मला. सगळ्यांसमोर!"

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं होतं का सुटाचं? ती म्हणाली, "विचारलं असतंत तर सांगितलं असतं." बरोबर बोलली. पण सुनेनं बरोबर बोलावं ह्याची मला सवय नाही. मी म्हटलं, "नवा पट्टा आण." ती म्हणाली, "मागवला तर महिन्यानं येतो. परीक्षा शुक्रवारी आहे." आणि खोलीचं दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मी भाजी चिरायला बसले. चिरंजीव कामावरून आले, त्यांना सगळं कळलं, आणि ते स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी म्हणाले —

"बरं झालं, आई. सुटलो."

सुटलो?

"मला कुठं जायचंय? ऑफिस दहा मिनिटांवर आहे, जेवण गरम मिळतं. तिला नाही म्हटलं असतं तर रडारड. आता परीक्षाच गेली की प्रश्न मिटला. मी वाईट नाही, तू वाईट नाही."

म्हणजे "जाऊ की" म्हणाला तेव्हाच ह्याला जायचं नव्हतं! ती नापास होईल, ह्या भरवशावर शब्द दिला होता. आणि ती त्या शब्दाच्या भरवशावर खांदे सोलून घेते आहे.

लिहायला बसले आहे तर खरं लिहिते. ऐकल्याबरोबर आधी मला बरं वाटलं. मुलगा राहणार! डाळ उतरेपर्यंत बरं वाटत होतं. मग त्याच्याकडे पाहिलं. तो पातेल्यात बोट घालून चव बघत होता. असा हा माझा राहणारा मुलगा.

टोकं मी काटकसरीपायी कापली. दुसरं काही मनात नव्हतं. देवापुढे हेच सांगितलं. देवानं ऐकलं, पण काही बोलला नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कुणाला न सांगता मत्स्यालयात गेले. मासे बघायला तिकीट! बाजारात फुकट बघतो की आपण!

आत अंधार, निळा उजेड, आणि भिंतीएवढी काच. काचेच्या आत माझी सून. पाण्यात आडवी, हात लांब करून, शांतपणे काच पुसत होती. अंगावर कुणाचा तरी उसना साज, खांद्यावरून घसरणारा. दर दोन हातांनी थांबून ती तो वर ओढायची. एक मोठा चपटा मासा शेजारून गेला, तिनं वाट सोडली. बाहेर पोरं काचेवर तोंड दाबून चिकट करत होती. जिथं तोंड दाबलं तिथं आतून ती बोट लावायची, की पोरं किंचाळायची. तिनं मला पाहिलं नाही. घरी आमच्या खिडक्या इतक्या मन लावून कधी पुसल्या नाहीत!

किती वेळ उभी होते कोण जाणे. तिकीट वसूल झालं म्हणायचं.

मग मागच्या दारानं स्टोअरमध्ये. स्टोअरकीपर म्हणजे रजिस्टरवर झोपलेला प्राणी. "नवा पट्टा नाही. मागवावा लागेल." त्याच्या डोक्यावर खिळ्याला जुना साज टांगलेला. पत्रा गंजलेला, पट्टा धड.

"तो?"

"तो मोडीतला आहे."

"मोडीतलं विकता की फेकता?"

"फेकतो."

"मग माझ्या पिशवीत फेका."

"बाई, तसं देता येत नाही. साहेबांची सही लागते."

"बोलवा साहेबांना. मी बसते." आणि जपमाळ काढून त्याच्याच खुर्चीवर बसले. साहेबांना येऊ दिलंच नाही त्यानं. स्वतःच सही घेऊन आला. साहेबानं तो पट्टा दोन्ही हातांनी ताणून बघितला आणि ठीक आहे म्हणाला, असं सांगत होता.

बुधवार, १२ फेब्रुवारी

संध्याकाळी बैठकीत रबरी सूट! उन्हाळा तोंडावर आणि ही काळी सील मासोळी घामानं निथळत उभी. ह्यांना म्हटलं, पेपर ठेवा, त्यानंच वारा घाला. घातला. लग्नानंतर पहिल्यांदा त्या पेपराचा कुणाला उपयोग झाला.

आज मी हुकूम सोडले नाहीत. ती सांगत होती, मी ओढत होते. खांद्याच्या पट्ट्याखालून सबंध तळवा सहज आत गेला पाहिजे. हात मागे नेला की पत्र्याची वरची कड बोटांना लागली पाहिजे. नाही लागली तर पत्रा खाली गेला. कमरेचा पट्टा मात्र घट्ट, सगळं वजन तिथं. बकल जरा उजवीकडे, म्हणजे पायांमधला पट्टा आला की ते त्याच्याखाली दडपत नाही. ओढ, सोड, पुन्हा ओढ. माझी नखं गेली.

चिरंजीव दाराला टेकून. "खांद्याला सैल दिसतंय, आई. घट्ट कर अजून."

सूनबाई थांबली. "करू का, आई?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर खाली घातली. खांदा घट्ट केला की पाण्यात हात निघत नाही, हे परवा त्यानं तिच्याच तोंडून ऐकलं होतं. अडाणीपणा परवडला. हा अडाणीपणा नव्हता.

"सैल दिसतंय ते बरोबर आहे," मी म्हटलं. "तू जा, नळ बघ."

मग तिनं डावा हात कोपरात मोडून पट्ट्यातून बाहेर काढला, सबंध साज पुढे घेतला, परत पाठीवर घेतला. माझा हात न लागता. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा हसत केलं. दोन्ही टोकं लोंबत होती, वीत वीत. मी कात्रीकडे बघितलंही नाही.

तिला सांगावं का, तो काय म्हणाला ते? ओठांवर आलं होतं. पण परीक्षेआधी पाय कशाला मोडायचे तिचे? गिळलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मागायचं काय, हेच ठरेना. ती पास झाली तर घर रिकामं. नापास झाली तर घर भरलेलं, आणि भरलेल्या घरात रोज तिचा चेहरा. दिवा लावला आणि म्हटलं, तुला कळतं ते कर. मग पुन्हा उठून गेले आणि म्हटलं, पास कर.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पास! दोनदा उतरवला, दोनदा चढवला. दुसरा उमेदवार म्हणे बकलातच अडकला. अडकणारच.

रात्रीच्या जेवणात चिरंजिवांनी बॉम्ब टाकला. "मी विचार केला. मला नाही जमणार. तू ठरव — नोकरी की घर."

ह्यांनी चक्क पेपर खाली ठेवला. सूनबाईनं घास खाली ठेवला. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "हे पट्टे बांधायच्या आधी सांगायचंत."

हात धुऊन निघून गेली. हा मला म्हणतो, "आई, तू समजाव तिला. तुझं ऐकते." ऐकते! लग्नाच्या सात महिन्यांत हे आज कळलं ह्याला.

रविवार, १६ फेब्रुवारी

सूनबाई सकाळी मोबाईल घेऊन टेबलाशी बसली. गाडी मंगळवारची. तिनं चिरंजिवांकडे पाहून शेवटचं विचारलं, "किती तिकिटं काढू?"

तो चहाच्या कपात बघत राहिला.

मी म्हटलं, "दोन काढ. मला खिडकीजवळची जागा."