चुंबकावर काही नाही

सोमवार, ३
शी! चुंबक पुसायचं काम आजपासून माझ्या गळ्यात. बाळांच्या पहिल्या घासाचं पीठ दळतो आपण, आणि पीठ ज्या नळीतून पडतं तिथला हा जाड दांडा बघावा! पिठात चुकून आलेलं लोखंड धरायचं, एवढंच त्याचं काम. दोन्ही टोकांना काळ्या मिशा, मधला भाग जवळजवळ कोरा. मिशांत पीठ, वंगण, कुणाचा तरी केस. एका कणाला दुसरा लोंबतोय, दुसऱ्याला तिसरा — त्याला चिकटलेलं लोखंडही चुंबक होऊन बसतं म्हणे. गजकर्णासारखं! जेवण गेलं नाही.

मंगळवार, ४
फिटर शिकवायला आला. मी त्याला पिचकारी म्हणते — मनातल्या मनात. तंबाखूचा बार भरलेल्या तोंडाने म्हणे, "बाई, फडक्याने टोकाकडे ओढत पुसायचा. आपटायचा नाही, आच दाखवायची नाही." बोलताना दोन थेंब माझ्या बाहीवर! पुढचं ऐकलंच नाही. याने मला स्वच्छता शिकवावी?

बुधवार, ५
फडक्याने घाण नुसती पसरते. सुट्टी झाल्यावर दांडा चहाच्या शेगडीवर धरला. चांगला अर्धा तास. वंगण जळालं, केस जळाला, काय तो वास! पण निघाला लख्ख.

शनिवार, ८
तीन दिवस झाले, एक कण नाही! वहीत रोज लिहिते, "चुंबकावर काही नाही", खाली सही. पूर्वी दांडा कपाटाच्या दाराला झोंबायचा, चिमटा ओढून घ्यायचा. आता पुसायला काढला की शहाण्यासारखा टेबलावर पडून असतो. मालक म्हणाले, "बाई आल्या आणि माल सुधारला." पिचकारीचं तोंड बघण्यासारखं होतं.

बुधवार, १२
ताईची छकुली सहा महिन्यांची झाली. दोन पाकिटं नेऊन दिली. "तू तपासलंयस ना? मग डोळे मिटून भरवते," ताई म्हणाली. जीव सुखावला.

रविवार, १६
ताईचा फोन. रडत होती. छकुलीच्या तोंडात तारेचा तुकडा! हिरडीतून रक्त. ताईने बोटाने काढला म्हणून, नाहीतर — नको, लिहवत नाही. आता बरी आहे.
हे पिचकारीचंच काम! यंत्र घासायचा त्याचा तो तारेचा ब्रश, तार न् तार सुटलेली. उद्या त्याला नोकरीवरून काढायला लावते.

सोमवार, १७
सगळ्यांसमोर तुकडा त्याच्या पुढ्यात टाकला. वाट्टेल ते बोलले. त्याने तो तुकडा उचलून दांड्याला लावला. खाली पडला. खिशातून खिळा काढून लावला. तोही टणकन फरशीवर.
"हा मेलाय, बाई. तार ब्रशचीच, माझी. पण ती धरायला हा होता. कुणी शेगडीवर धरला होता का?"
मी म्हणाले, "मला काय माहीत?"
मालकांनी त्याचा हिशेब करायला सांगितला. जाताना त्याने हात धुतले, साबणाने, आणि मग दांडा माझ्या हातात दिला.

मंगळवार, १८
मी धरला होता. नऊ दिवसांचं पीठ घराघरांत गेलंय, वहीत माझ्या नऊ सह्या. ती वही आणि ही रोजनिशी, दोन्ही घेऊन मालकांकडे निघालेय.