नार्व्याच्या उतारावरची गाडी

दिवाडी,
२२ मार्च १९८७

प्रिय कस्तोद्यू,

लुदोविनाचा स. न. वि. वि. इकडे देवाच्या कृपेने सगळी बरी आहेत. तुझी कंबर आता कशी आहे ते कळव, नुसतं बरं आहे असं लिहू नकोस.

मोठी बातमी आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तू नीट वाचशील. मला नर्सची जागा मिळाली. लग्नाआधी केलेला कोर्स एकदाचा कामाला आला. एक जूनला सकाळी आठ वाजता डिचोलीपलीकडच्या आरोग्य केंद्रात हजर व्हायचं आहे. त्या दिवशी हजर नाही झाले तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला देतील, असं कागदावर स्पष्ट लिहिलंय. मायने ऐकल्याबरोबर येशूच्या खुरसापाशी मेणबत्ती लावली, आणि लगेच विचारलं की मग बाजारातून मासळी कोण आणणार. तुझी आई ती, मी काय बोलणार?

अडचण एकच आहे. बेटावरून पहिल्या फेरीबोटीने नदीपलीकडे नार्व्याला उतरते तोवर बस निघून गेलेली असते. पुढची बस नऊला. तिथून केंद्र चौदा किलोमीटर, आणि त्यात तो चढ. सायकलने जाऊन पाहिलं. पोचले, पण पोचल्यावर मलाच कोणीतरी खाटेवर झोपवायला हवं होतं. स्कूटरसाठी नाव नोंदवायला गेले तर दुकानदार म्हणाला, चार वर्षांनी या. म्हणून मी ठरवलंय, मोटरसायकल शिकायची. हसू नकोस. कुठली घ्यावी ते लिही, यंत्रातलं तुला कळतं.

आणि आपलं ठरलेलं विसरू नकोस. वीस मेला जहाज कंपनीवाले पुढच्या दोन वर्षांचा कागद तुझ्यापुढे ठेवतील. माझा पगार सुरू झाला तर तू सही करणार नाहीस, असं तू मला शब्द दिला आहेस. लिझेटला परवा शाळेत विचारलं, तुझे बाबा काय करतात. तर म्हणाली, पार्सल आणतात.

माया आहे तशीच ठेव.

तुझी,
लुदोविना

मोंबासा बंदर,
९ एप्रिल १९८७

प्रिय लुदोविना,

कस्तोद्यूचा स. न. वि. वि. कंबर दुखते. झालं समाधान?

तुझं पत्र मी इंजिनरूममध्ये तीनदा वाचलं. चौथ्यांदा आमचा बोसन, खलाशांचा मुकादम वीसेंत, त्याने हातातून ओढून मोठ्याने वाचलं, त्यामुळे आता सगळ्या जहाजाला माहीत आहे. प्रत्येकाचं मत तयार. वीसेंत म्हणतो, बाईमाणसाला मोपेड पुरे. मी म्हटलं, नार्व्याच्या चढावर तुझी मोपेड तूच ढकल. चितगावचा आमचा खानसामा म्हणाला की बायको एकदा मोटरसायकलवर बसली की हाताला लागत नाही. त्याची बायको तर पायी चालते, तरी लागत नाही, हे त्यानेच मागे सांगितलं होतं.

आता माझं ऐक. नवी गाडी शोधायची काही गरज नाही. घरात माझी काळी गाडी उभी आहे, ती घे. जड आहे म्हणून घाबरू नकोस, जड आहे तेच बरं. वीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस सांगतोय. रिकामं जहाज लाटेवर नाचतं, पोटात भार घेतलेलं जहाज सरळ जातं. गाडीचंही तेच. तू वजनाने कमी आहेस, म्हणून मागच्या कॅरियरवर पंचवीस किलो तांदळाची पिशवी दोरीने घट्ट बांध, म्हणजे गाडी रस्ता धरून राहील. थोरल्या सिप्रियानला सांग, तो चर्चपुढच्या मैदानात शिकवील.

माझी गाडी मी कोणाला हात लावू देत नाही, हे तुला ठाऊक आहे. तुला देतोय, तेव्हा सांभाळ.

आणि नाहीच जमलं तर मनाला लावून घेऊ नकोस. मी सही करीन. दोन वर्षं काय, बघता बघता जातील. घर तर चाललं पाहिजे.

लिझेटचा पापा घे. जीव लावला आहेस तो तसाच राहू दे.

तुझा,
कस्तोद्यू

दिवाडी,
२७ एप्रिल १९८७

प्रिय कस्तोद्यू,

स. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं आणि तू सांगितलंस तसंच सगळं केलं. तांदूळसुद्धा बांधला.

तुझी गाडी ठीक आहे. अगदी शांत आहे, आवाज म्हणून नाही. परवाच तिला आतून-बाहेरून भरपूर पाणी लागलं, इतकी स्वच्छ ती तू असताना कधी नव्हती. सध्या फणसाखाली उभी आहे. मायने तिच्यावर चादर घातली आणि जाता-येता ती क्रूसाची खूण करते, पण मायचं तू जाणतोसच, ती कशालाही करते. तांदूळ आम्ही अंगणात वाळत घातले होते. हवा दमट आहे म्हणून.

मी तुझ्या दोन जुन्या पँटी कापून माझ्या मापाच्या केल्या. फ्रॉक घालून गाडीवर बसता येत नाही. एक खाकी आणि एक ती तपकिरी, जी तुला खूप आवडायची. रागावलास तर तिथेच रागाव.

कोणाचं काही पत्र आलं, कोणी काही कळवलं, तरी सही करू नकोस. मी एक तारखेला आठ वाजता तिथे असणार आहे. कशी ते मला विचारू नकोस.

माया कमी होऊ देऊ नकोस, आत्ता तर नकोच.

तुझी,
लुदोविना

नार्वे फेरी,
२९ एप्रिल १९८७

चि. कस्तोद्यूस,

थोरला भाऊ सिप्रियान याचे अ. आ. लुदोविनाने माझ्याकडून सांत आंतोनच्या नावाने शपथ घेतली आहे की तुला काही लिहायचं नाही. मी शपथ मोडतोय. सांत आंतोनचं मी बघून घेईन.

तुझी गाडी नदीत गेली. लुदोविना बरी आहे, ढोपर खरचटलं तेवढंच. हे आधी वाच आणि मग पुढचं वाच.

मैदानात ती तांदळाशिवाय आठ दिवसांत झकास शिकली. मी लोकांना फेरीत चढवतो-उतरवतो त्याला बावीस वर्षं झाली, शिकणारी माणसं खूप पाहिली, तिच्यासारखी डोकं ठिकाणावर ठेवून शिकणारी कमी. मग रस्त्यावर जायच्या वेळी तुझ्या पत्रातला तो भार आला. मी तिला म्हटलं की कस्तोद जहाजावर फिटर आहे, गाडीवर नाही. पण नवऱ्याचा शब्द. बांधला तांदूळ.

शनिवारी ओहोटी पुरी उतरली होती. तेव्हा धक्क्याचा उतार किती खडा होतो आणि खालच्या टोकाला कसं शेवाळ असतं ते तुला सांगायला नको. नार्व्याहून परत येताना ती पायउतार न होता गाडी फेरीत आणत होती. मधे एक म्हैस आडवी आली, म्हणून थांबली. आणि तिचा पाय जमिनीला पुरला नाही, कस्तोद. तुझी गाडी तुझ्या मापाची, तिला टोकावर उभं राहावं लागतं. एका अंगठ्यावर गाडी, मागे पंचवीस किलो तांदूळ, खाली शेवाळ. गाडी कलली ती कललीच. तांदळाने तिला मागून ओढलं आणि सगळं बाजूने पाण्यात. तिने वेळेवर हात सोडले, म्हणून आज हे पत्र असं लिहितोय. दुसरंही लिहावं लागलं असतं.

कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. मी ओरडत धावलो, तर मलाच म्हणाली की सिप्रियानभाव, ओरडू नका, गाडी कुठे गेली ती खूण आधी धरून ठेवा. भिजलेली तशीच फेरीत चढली आणि बाकावर बसली. दिवाडीला उतरल्यावर मात्र ती धक्क्यावरच बसली. मी पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. रडली नाही. दुसऱ्या दिवशी दोर टाकून आम्ही चौघांनी गाडी ओढून काढली. इंजिनात गाळ भरलाय.

आता मुद्दा. नार्व्याच्या धक्क्यावर पायलट लोक उभे असतात ना, भाडं घेऊन मागे माणसं नेणारे. त्यातला आगोस्तिन्य माझा दोस्त. त्याने तिला एक गोष्ट सांगितली, ती मला पटली. गाडीवर बस, दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का बघ. मग गाडी आडवी पाड आणि एकटीने उभी कर. जी उभी करता येत नाही ती तुझी नव्हे. धक्क्यावरच्या सात गाड्यांवर ती बसली. सहा नापास. सातवी आगोस्तिन्यची स्वतःची, लहान, शंभर सीसीची, लाल. तिने ती पाडली आणि उचलली. पायलटांनी टाळ्या वाजवल्या.

आगोस्तिन्यला दांडगी गाडी हवी आहे. तुझी तो साफ करून घेईल आणि बदल्यात आपली देईल. पण लुदोविना हट्टाला पेटली आहे. म्हणते, कस्तोदच्या जिवाची गाडी त्याला विचारल्याशिवाय द्यायची नाही. आणि विचारलं तर नदीचं सांगावं लागेल, आणि ते कळलं तर तू घाबरून त्या कागदावर सही करशील. रोज सायकल काढते आणि चढावर दम खाते. एक जून जवळ येत चाललाय. म्हणून मी विचारतोय. गाडी देऊ का? तारेने कळव.

धाकटा भाऊ म्हणून तुझ्यावर जीव आहे, तो वेडेपणासकट आहे.

तुझा भाऊ,
सिप्रियान

तार
एडन, १५ मे १९८७
लुदोविना, दिवाडी, गोवा.
गाडी देऊन टाक. तुझ्या टाचा टेकतील ती घे. कस्तोद्यू.

दिवाडी,
३ जून १९८७

प्रिय कस्तोद्यू,

स. न. वि. वि. तुझी तार आली तेव्हा पोस्टमन दारात उभा आणि माय खुर्चीवर बसून आधीच रडायला लागली होती. तार म्हणजे कोणीतरी गेलं, हे तिचं ठरलेलं. वाचून दाखवली तर म्हणाली, टाचांसाठी कोणी तार करतं का?

सिप्रियानभावांशी मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना तळलेले बांगडे नेऊन दिले. त्यांनी खाल्ले आणि आम्ही दोघांनी विषय काढला नाही.

एक तारखेला पहिल्या फेरीने गेले. ओहोटीच होती. मी खाली उतरून, इंजिन बंद ठेवून, गाडी हाताने ढकलत उतारावरून वर नेली. आगोस्तिन्य आणि सगळे पायलट बघत होते. कोणी मदतीला आलं नाही, कारण मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. वर गेल्यावर मग बसले. दोन्ही टाचा टेकल्या, आणि कस्तोद्यू, मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या पायाखाली काहीतरी होतं. चढावर खनिजाचा ट्रक मागून हॉर्न देत राहिला, त्याला मी देऊ दिला.

सात वाजून चाळीस मिनिटांनी केंद्रात पोचले. कुलूप होतं. पायरीवर बसून किल्लीवाल्या शिपायाची वाट पाहिली. त्याने विचारलं, कोणाबरोबर आलात. मी गाडी दाखवली, तर तो गाडीच्या मागेपुढे बघून आला, कोणी लपलंय का म्हणून. हजेरीपटावर सही केली. अक्षर जरा तिरकं आलं, पण नाव वाचता येतं. मोठ्या सिस्टरबाई कडक आहेत, पण चहा देतात.

म्हणजे माझ्या बाजूने मी केलं. तुझ्या बाजूचं मला काहीच माहीत नाही. तारेत तू गाडीचं लिहिलंस, कागदाचं नाही. वीस मे होऊन गेली. मी रोज मनात म्हणते की नसेल केली, आणि रोज मला वाटतं की तू घाबरून केली असशील. केली असशील तरी मी भांडणार नाही. पण लवकर कळव. नाही कळण्यापेक्षा वाईट कळलेलं बरं.

तुझी गाडी आगोस्तिन्यने चालू केली. आवाज तोच आहे. ऐकून मी रस्त्यावर थांबले होते.

दुरून का होईना, माझ्यावर लोभ ठेव.

तुझी,
लुदोविना

कोलंबो बंदर,
५ जून १९८७

प्रिय लुदोविना,

कस्तोद्यूचा स. न. वि. वि. एडनहून निघालो, आणि इथे येऊन बंदरात जागा नाही म्हणून बारा दिवस नांगर टाकून पडलो. ना पत्र ना तार. आज किनाऱ्यावर उतरलो, तर एजंटकडे तुझं काहीच आलेलं नव्हतं. तू एक तारखेला पोचलीस की नाही, गाडी मिळाली की नाही, जागा राहिली की गेली, मला काही म्हणजे काही माहीत नाही.

सिप्रियानचं पत्र एडनला मिळालं. ते दुसरंही लिहावं लागलं असतं, या ओळीवर मी थांबलो तो थांबलोच. वीसेंतने पाणी आणून दिलं. तुला पाण्यात मी पाठवलं, लुदोविना. माझं ते भाराचं शहाणपण. जहाजाला भार लागतो, कारण त्याला पाय टेकायचे नसतात. एवढी साधी गोष्ट वीस वर्षांत माझ्या डोक्यात आली नाही.

आणखी एक कबूल करतो. एक्याऐंशी साली मी गुडघा सुजवून घरी आलो होतो, आठवतं? गाडीला कुत्रं आडवं आलं असं मी सांगितलं होतं. कुत्रं नव्हतंच. त्याच उतारावर, त्याच गाडीवरून मी दोनदा पडलो होतो. सिप्रियानने फेरीतून पाहिलं आणि आजवर तोंड उघडलं नाही. माझ्यासारख्या दांडग्या माणसाला जी सावरता आली नाही ती गाडी मी तुला दिली, वर तांदूळ बांधायला सांगितला, आणि कशासाठी, तर माझी गाडी चांगली आहे हे खरं ठरावं म्हणून. शरम वाटते.

वीस तारखेला सेकंड इंजिनियरने कागद पुढे ठेवला. पेन काढून टोपण उघडून दिलं. मी खरंच पेन हातात घेतलं, तुझ्यापासून काय लपवू. तुझी जागा जाणार, गाडी नदीत गेली, घर कसं चालायचं, हे सगळं डोक्यात होतं. मग वाटलं, ती पाण्यात पडली तेव्हा मी कुठे होतो? पाठीवर हात सिप्रियानने ठेवला. दोन वर्षांनी पुन्हा कुठल्यातरी बंदरात असंच पत्र वाचायचं का? कागद कोराच परत दिला. बारा दिवस नांगरावर पडून होतो, पण इतकी शांत झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. कंबरसुद्धा दुखायची थांबली.

सव्वीसला मुंबईला सोडतात, अठ्ठावीसला दुपारच्या फेरीने दिवाडीला येतो. लिझेटला सांग, या खेपेला पार्सल नाही, नुसता मीच आहे.

नोकरी मिळाली असेल तर तू आठला केंद्रात जा, घरी पेज मी शिजवीन. नसेल मिळाली तर दोघं मिळून शिजवू.

माया कमी केली असशील तर येईपर्यंत भरून ठेव.

तुझाच,
कस्तोद्यू