पाच वर्षं टिकणारा टायर

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे धडधाकट आहोत. तुमचं काय ते सविस्तर कळव. 'बाकी ठीक' एवढ्यावर माझी बोळवण करू नकोस. मेहुण्यांचा खोकला अजून हटला नसेल तर घरचे काढे पाजणं थांबव आणि त्यांना सरळ डॉक्टरकडे ने.

पत्रास कारण माझ्या सायकलचा मागचा टायर. गेल्या थंडीत मी गल्लीच्या वळणावर पडले (पडले म्हणजे उतरले, फक्त सायकल अजून थांबली नव्हती), तेव्हापासून आमचे चिरंजीव त्या सायकलच्या मुळावर उठले आहेत. शेवटी घरात तह झाला, की आहे तो टायर संपेपर्यंत मी चालवायची, पुढे नाव काढायचं नाही. टायर दणकट होता, म्हणून मी मान डोलावली. आणि त्यानंतर वाचनालयाच्या फाटकापाशी फुटक्या बाटलीची काच नेमकी त्याच्या कुशीत घुसली. चांगली बोटभर चीर पडली आणि तिच्यातून ट्यूब गालगुंड झाल्यासारखी बाहेर डोकावू लागली.

आता पेच बघ. नवा घ्यावा तर तह मोडतो. म्हणून मी, जिला दारातलं फाटकं पायपुसणंसुद्धा खपत नाही ती, दुरुस्तीच्या बाजूने उभी राहिले. ह्यांनी काम हौसेने अंगावर घेतलं. (निवृत्त झाल्यापासून घरात काही मोडलं की ह्यांचा चेहरा उजळतो.) आतून जुन्या टायरचा तुकडा बसवला आणि वरून दाभणाने टाके घातले. स्वतःच्या सदऱ्याचं बटणही कधी इतकं मन लावून शिवलं नसेल! पण त्या ठिगळाचं टेंगूळ झालं आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला सायकल 'धप्' म्हणू लागली. मी फाटकात शिरायच्या आत वाचनालयातल्या गप्पा बंद, टेबलावरचे पाय खाली. एरवी हे साधायला मला घसा कोरडा करावा लागतो, तेव्हा हा दोष मी काही दिवस चालवून घेतला. मग एका सकाळी तिथेच दारात टाके उसवले आणि असा बार उडाला की ग्रंथपाल टेबलाखाली गेले, ते मी दटावल्यावरच बाहेर आले.

सायकलच्या दुकानात सगळं कुटुंब गोळा झालं. दुकानदाराने टायर उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "आजी, हा गेला. नवा घाला, पाच वर्षं बघायला नको." (आजी कुणाची, ते मी नंतर विचारलं.) त्यावर चिरंजीव बोलून गेले, "पाच वर्षं? एवढा कशाला?"

चिमणे, सूनबाई घाईघाईने म्हणाली, "अहो आई, ह्यांना तसं नव्हतं म्हणायचं," त्यामुळे तसंच म्हणायचं होतं हे पक्कं झालं. मी छपराकडे बघत राहिले. तेवढ्यात हे, जे चार माणसांत घसा साफ करण्यापलीकडे जात नाहीत, पुढे झाले. "पाच नको. दहा वर्षं चालेल असा दाखवा." उभ्या संसारात माझ्याविषयी इतकं गोड वाक्य ह्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं तेही सायकलवाल्याला सांगताना!

घरी पोचेपर्यंत चिरंजीव बरेच वरमले. म्हणाले, "मावशीला विचारू. ती समंजस आहे. ती हो म्हणाली तर माझी ना नाही." (तुझ्या समंजसपणाविषयी मी वाद घातला नाही.) नवा टायर सध्या बाहेरच्या खोलीत खुंटीला टांगला आहे आणि जाता-येता जो तो त्याच्याकडे बघतो. मी वाचनालयात पायी जाते. माझी चाहूल कुणाला लागत नाही आणि पाय पुन्हा टेबलावर चढले आहेत. तेव्हा तुझा होकार विनाविलंब यावा.

तुझी,
ताई

ता. क. : होकाराला वजन यावं म्हणून मी त्यांना सांगून ठेवलं आहे की तूही रोज सायकल चालवतेस. हे खोटं नव्हे. थोडं आधी सांगितलं, इतकंच. शेजारून एखादी मागून घे आणि मैदानात सराव कर. मेहुण्यांना मागून धरून पळायला सांग. डॉक्टर हो म्हणाले तर.

आणखी एक : चिरंजीव फोन करणार नाहीत, रविवारी समक्ष येणार आहेत. पडायची वेळ आलीच तर डाव्या अंगावर पड. उजव्या हाताने तुला मला उत्तर लिहायचं आहे.