कार्बन-ॲल्युमिनियमची सोयरीक

दसरा, १९८६. सौंसर
आम्ही दोघा भावांनी घरी बांधलेल्या विमानाच्या इंजिनाची पूजा झाली. झेंडूची माळ, हळदकुंकू. आईनं गोमूत्र शिंपडलं, इंजिनात हवा नेणाऱ्या नव्या इनटेक पाइपावर जरा जास्तच. पाइप कार्बनच्या कापडाचा, राळ लावून मीच थापलेला. इंजिनाच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचं कडं आहे, त्या कॉलरवर चिकटवलाय. धाकटा विलास सारखा म्हणतोय, "दादा, पापडासारखा हलका झाला ना बे!" विमान उडवणार तोच. नागपूरला ग्लायडर शिकून आल्यापासून त्याच्या बुडाखाली निखारे आहेत. माझ्याही.

२० ऑक्टो.
कॉलरच्या कडेला पांढरी भुकटी. पूजेची रांगोळी असेल म्हणून पुसली.

२३ ऑक्टो.
भुकटी परत. खरवडलं तर खाली ॲल्युमिनियमला खड्डे! ज्यानं कापडाचे कटपीस दिले त्या बंगलोरच्या मित्राला ट्रंक कॉल. ओरडलाच. "दोघांच्या मधे काचेचं कापड नाही घातलंस?" कार्बन आणि ॲल्युमिनियम थेट चिकटवले आणि खारट ओल मिळाली, की कार्बन शाबूत राहतो नि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. खारट ओल म्हणजे गोमूत्र. आता आईला काय सांगू, कप्पाळ?

२७ ऑक्टो.
पाइप नवा थापला, मधे काचेचं कापड. कॉलर मात्र जुनीच, घासूनपुसून. नागपूरचा ओतारी नवी ओतून देईल ती दिवाळीनंतर. विलासला म्हटलं, थांब.
"काय भिऊन राहिला दादा? इंजिन मक्खन चालून राहिलं!"
जमिनीवर चालतंय रे. वर कॉलर तडकली, फटीतून जादा हवा शिरली, इंजिन बंद पडलं तर? खाली सगळी संत्र्याची झाडं. भांडलो. उगाच ओरडलो त्याच्यावर.

३० ऑक्टो.
कॉलर भिंगातून पुन्हा पाहिली. काही दिसत नाही. न दिसल्याचंच जास्त भेव वाटतंय. आई म्हणते, "जेवून काहून नाही राहिला?"

भाऊबीज. बोरगाव
विलासनं ऐकलं नाहीच. विमान इथल्या वावरात आणून उभं केलंय. ताई पांढुर्ण्याहून सकाळी घरी आली, आम्हा दोघांना ओवाळून सोबत इथवर आली. तिला इंजिनातलं काही कळत नाही. विमानाभोवती एक चक्कर मारली आणि मला म्हणाली, "तू बसला असता काय रे याच्यात?"
विलास हेल्मेटचा पट्टा बांधत होता, थांबला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
काहीतरी रीडिंग घ्यायचंय असं सांगून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, येऊन बसलोय, हे लिहितोय. विलास अजून चढलेला नाही.