आत्याला सगळं माहीत आहे

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. आधी तुझ्या गुडघ्याचं विचारते, कारण पुढे गेल्यावर मला ते सुचेलसं वाटत नाही. जिना चढताना अजून आवाज येतो का? खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दिलेलं तेल लावत असशील तर कृपा करून लावू नकोस. त्यांचे स्वतःचे गुडघे कसे आहेत ते तू पाहिलंच आहेस. इकडे आई बरी आहे, बाबा बरे आहेत, दादाचं पोट सुटलंय. माझं बरंवाईट पुढे येईलच.

पत्राच्या तळाशी 'तुझी भाची' अशी सही आहे. (कुणाचंही पत्र आलं की तू आधी शेवटचं पान बघतेस, म्हणजे एव्हाना ती तू पाहिली असशील आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली असशील. चष्मा मीच बनवलाय, नंबर बरोबर आहे.) तुला भाची नाही, दोन भाचे आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यातला धाकटा म्हणजे मी. आणि मी मुलगी आहे. आज सकाळी कुणी बदलून ठेवलेली नाही, पहिल्यापासूनच आहे, फक्त सांगायची लाज वाटत होती, ती अजूनही वाटतेच आहे. हे बसून वाच असं मी वरच लिहायला हवं होतं. आता तरी बस.

तर गेली दोन वर्षं मी हार्मोनचे उपचार मिळावेत म्हणून डॉक्टरांच्या दारोदार फिरते आहे. हे उपचार म्हणजे काही जादू नव्हे, गोळ्या असतात, मधूनमधून रक्त तपासायचं असतं, आणि हळूहळू शरीर मनाच्या थोडं जवळ येतं. रोज आरशासमोर दाढी करताना मी डोळे मिटून घेते, आणि डोळे मिटून दाढी केल्यावर गालांचं काय होतं ते मागच्या भेटीत तू पाहिलंस आणि मला चांगलं ब्लेड घ्यायला सांगितलंस. ब्लेड चांगलंच होतं, आत्या.

पहिल्यांदा गेले ते आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, जीभ पाहिली, आणि लोहाचं टॉनिक देऊन पहाटे चालायला सांगितलं. मी टॉनिकची बाटली संपवली. (दिलेलं औषध अर्धवट टाकू नये म्हणून.) त्यानंतर हार्मोनच्या खास डॉक्टरांकडे गेले. तिथल्या खोलीत खुर्च्या भिंतीला लावून अशा मांडल्यात की प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसतं, आणि मधोमध टेबलाशी नोंद करणाऱ्या बाई. त्यांनी विचारलं, तक्रार काय. मी हळू आवाजात सांगितलं. त्या म्हणाल्या, मोठ्याने बोला. मी आणखी हळू झाले. शेवटी त्याच कंटाळून म्हणाल्या, "थायरॉईड का?" आणि सगळ्या खुर्च्या माझ्याकडे बघत असताना मी मान हलवली. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, पण मान आडवी हलायची ती उभी हलली. मग डॉक्टरांनी माझा गळा चाचपला, पाणी गिळायला लावलं, रक्त काढायला पाठवलं. पुढच्या वेळी त्यांनी अहवाल पाहिला आणि इतका सुंदर थायरॉईड बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता म्हणून माझं अभिनंदन केलं. मी त्यांचे आभार मानून घरी आले. इतक्या आनंदात असलेल्या माणसाला दुसरं काही सांगायचं मला जमलं नाही.

तिसऱ्या भेटीत सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, असा पेशंट त्यांनी कधी हाताळला नाही, पण मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणली तर ते पुस्तक काढून वाचतील. आता मनाच्या डॉक्टरांकडे जे झालं त्याला, राग मानू नकोस, तू जबाबदार आहेस.

बाबांची सारखी बदली होत असल्याने दादा आणि मी तुझ्याकडेच असायचो, म्हणून माझी पहिली शाळा म्हणजे तूच, आणि वर्ग म्हणजे ओट्याशेजारचं स्टूल. तुझ्या शाळेत एक नियम होता, की ज्याला काही हवं असेल त्याने ते का देऊ नये हे आधी स्वतःच सांगायचं. सायकल हवी? मग सायकल का नको ते बोल. दादा छताकडे बघायचा, 'कारण सापडत नाही' म्हणायचा आणि सायकल घेऊन जायचा. मी मात्र इमानदारीत एकेक कारण शोधून काढायचे, आणि ते इतकं पटवून द्यायचे की शेवटी मलाच सायकल नकोशी व्हायची. तू म्हणायचीस, किती समजूतदार मूल आहे. आत्या, मला सायकल हवी होती.

मनाचे डॉक्टर पेन उघडून बसले आणि म्हणाले, हे उपचार का हवेत ते सांगा. मी स्टुलावर बसल्यासारखी ताठ बसले आणि सवयीने उलट बाजूपासून सुरुवात केली. की काही बदल परत फिरवता येत नाहीत. की पुढेमागे मूल हवंसं वाटलं तर अडचण होईल. की आई रडेल. की माझा स्वभाव चंचल आहे, साधा साबण घ्यायचा तरी मी दुकानात चार वास घेऊन जुनाच घेऊन येते. डॉक्टर भराभर लिहून घेत होते, त्यामुळे मला हुरूप आला आणि त्यांना न सुचलेले दोन मुद्देही मी पुरवले. ते संपवून मी 'आता दुसरी बाजू' म्हणाले, तेव्हा ते पेनाचं टोपण लावत होते. माझी वेळ संपली होती. म्हणाले, तुमच्या मनात अजून बरीच शंका दिसते, सहा महिन्यांनी या.

बाहेर बाकावर एक उंच बाई बसल्या होत्या. शिंपीकाम करतात, त्यांनाही हीच चिठ्ठी हवी होती आणि त्यांची ही तिसरी खेप होती. मी रडवेली झाले होते म्हणून त्यांनी काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "अगं ए शहाणे, तू आत मागायला गेली होतीस की नाही म्हणायला?" आणि इतक्या मोठ्याने हसल्या की शिपाई बघायला आला. पण मला घरापर्यंत सोडायला आल्या. वाटेत म्हणाल्या, त्यांच्या ओळखीचा एक जण चिठ्ठीशिवाय गोळ्या आणून देतो. त्याच्याकडून मी एक पाकीट घेतलं. मागची बारीक अक्षरं आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या भिंगाखाली धरून वाचली. दुष्परिणामांच्या यादीत काविळीपर्यंत पोचले आणि पाकीट खणात टाकलं. ते अजून तिथेच आहे. कधीकधी खण उघडून बघते. हे तुला सांगायला नको होतं, पण सांगितलं.

आमच्या दुकानात आम्ही दिवसभर लोकांना विचारतो, हे स्पष्ट दिसतं की ते? निम्म्या लोकांना धड सांगता येत नाही, पुन्हा दाखवा म्हणतात, आणि तरी आम्ही त्यांना चष्मा देतो. 'अजून खात्री नाही, सहा महिने आंधळेच फिरा' असं म्हणत नाही. (मालकीणबाईंना माझं कळलंय बहुतेक. गेला महिनाभर त्या माझ्याशी 'जेवण झालं का', 'काम आवरलं का' अशीच वाक्यं बोलतात, ज्यांत मी कोण ते ठरवावं लागत नाही. फार दमतात बिचाऱ्या.)

सहा महिन्यांनी पुन्हा गेले. या वेळी फक्त सुलट बाजू सांगितली. लाजेने घाम फुटला, पण सांगितली. डॉक्टरांनी ऐकलं, आणि म्हणाले, घरचं एखादं मोठं माणूस घेऊन या. मी विचारलं, तसा कायदा आहे का. म्हणाले, कायदा नाही, तुम्ही सज्ञान आहात, पण माझी तशी पद्धत आहे. आई म्हणते, दादाचं लग्न होऊ दे, मग बघू. दादासाठी अजून कुणी मुलगी शोधायलाही घेतलेली नाही. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी 'बरं' म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला. तेव्हापासून ते मला सारखं सफरचंद कापून देतात. का ते मला कळलेलं नाही, पण मी खाते.

आणखी काय लिहू. पत्र फार लांबलं आणि तुझा वेळ घेतला याची लाज वाटते. काकांना नमस्कार सांग. गुडघ्याला जप.

तुझी भाची

ता. क. : डॉक्टरांची पुढची वेळ येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी आहे. तू येशील का? आत काही बोलावं लागत नाही म्हणे, नुसतं शेजारच्या खुर्चीत बसायचं. जिना नाही, तळमजलाच आहे, मी मुद्दाम पाहून आले. या वेळीही कुणी आलं नाही तर मी तो खण नुसता बघून बंद करेन असं मला खात्रीने सांगता येत नाही.

आणखी एक ता. क. : डॉक्टरांनी विचारलं की आईवडील येणार नसतील तर घरात दुसरं कुणी आहे का, तेव्हा मी म्हणाले, "आत्या आहे. आत्याला सगळं माहीत आहे. ती येणारच आहे." आजवर डॉक्टरांपुढे मी एवढं एकच उत्तर न अडखळता दिलं, आणि ते धादांत खोटं होतं. तू इथवर वाचलंस म्हणजे त्यातलं निम्मं आता खरं झालं आहे. उरलेलं निम्मं तुझ्या हातात आहे.

अगदी शेवटचं : रविवारी नेहमीसारखा माझा फोन येईल. मी हवापाण्याच्या गप्पा मारेन, दादाच्या पोटावर विनोद करेन, आणि पत्र मिळालं का असं अजिबात विचारणार नाही. फार मजेत वाटले तर फसू नकोस. विषय तूच काढ. मला काय म्हणून हाक मारायची ते सुचलं नाही, तर हाक न मारताच सुरू कर.