खालचा स्वर

४ मार्च
दादाने आजही बेस गिटारला हात लावला नाही. वहिनी वारल्यापासून ती पलंगाखाली पडून आहे आणि दादा पलंगावर. रडत नाही, बोलत नाही. ताट पुढे केलं की जेवतो, एवढंच. आम्ही दोघं जिथे वाजवतो त्या हॉटेलचा मॅनेजर म्हणाला, "शनिवारी दोघं या, नाहीतर मी दुसरी जोडी बघतो." दोघं कुठून आणू?

५ मार्च
ठरवलं – बेसही मीच वाजवणार, पियानोवर, डाव्या हाताने. दादा नेहमी म्हणायचा, "खालचा स्वर माझा. तू वरचं बघ." इतकी वर्षं वरचंच बघितलं. आता पुस्तक उघडून बसलेय, शिकाऊ पोरीसारखी.

६ मार्च
डोकं फिरायची वेळ आली. सिक्स्थ कॉर्ड म्हणजे साध्या कॉर्डमध्ये, एकत्र दाबलेल्या तीन स्वरांत, सहावा स्वर मिसळायचा. सी, ई, जी आणि ए. इथवर ठीक. इन्व्हर्जन म्हणजे त्याच चौघांपैकी सगळ्यात खाली कोण बसणार ते बदलायचं. ई खाली बसवला, जी बसवला – जरा डगमगतं, पण चालतं. ए खाली बसवला आणि सगळा नूरच पालटला! हसरा कॉर्ड उदास झाला. पुस्तक म्हणतं, आता याला ए मायनर सेव्हन्थ म्हणा. स्वर तेच चार!

म्हणजे गाणं हसणार की रडणार, हे मी कधी ठरवतच नव्हते. दादा ठरवायचा.

७ मार्च
नाही जमत. डावा हात सांभाळावा तर उजवा घसरतो. आई दारातून म्हणाली, "अगं, तेच तेच किती वाजवशील? त्याला पडू दे जरा." मी तिच्यावर खेकसले, मग न्हाणीघरात जाऊन रडले. नाही जमलं तर काम जाईल. आणि जमलं, तर दादाला उठायला कारणच उरणार नाही. त्याची जास्त भीती वाटते.

८ मार्च, शनिवार
सकाळी वहिनीच्या आवडीचं गाणं घोळवत होते. शेवटचा कॉर्ड सी सिक्स्थ. डावा हात इतका ठणकत होता की मांडीवर ठेवून दिला. उजव्याने चारही स्वर दाबले आणि धरून ठेवले. खाली कुणीच नाही.

दादाच्या खोलीतून बेसची तार वाजली. सी नाही, ए.

मी बोटं उचलली नाहीत. आत दादा रडत होता, मोठ्याने.