माझे बारा शब्द

प्रिय (जुनी सवय, गैरसमज नको),

आपलं हार्डवेअर वॉलेट बंद पडलं. क्रिप्टोच्या चाव्या सांभाळणारं ते पेनड्राइव्हएवढं यंत्र, जाताना तू माझ्याकडेच ठेवलंस. "घाईने विकायला नको," म्हणालास. आता त्याचा पडदाच उजळत नाही. मी नवं आणलंय, पण ते परवलीचे चोवीस शब्द ओळीने भरल्याशिवाय त्यात आपलं काहीच परत येणार नाही.

"कागद चुगलखोर असतो," म्हणून तू ते शब्द कुठेही लिहू दिले नाहीस. रोज भांडी घासताना आपण ते घोकायचो. एक तू म्हणायचास, पुढचा मी. किती शहाणे समजायचो स्वतःला! माझे बारा मला तोंडपाठ आहेत, तुझा मात्र एकही आठवत नाही. तू बोलायचास तेव्हा मी ऐकतच नसणार, आपली वेळ कधी येते एवढंच बघत असणार. भांडणातही तेच करायचीस, असं म्हणशील. म्हण.

पैशांसाठी तू लगेच येशील, हे मला ठाऊक आहे. शब्द भरून होतील, निम्मं-निम्मं वाटून घेऊ, आणि तू चहाही न घेता निघशील. मग एकमेकांकडे मागण्यासारखं काहीच उरणार नाही. म्हणून हे पत्र पाठवत नाही.

काल एकच ताट होतं. घासताना माझा एक शब्द मोठ्याने म्हटला, आणि पुढचा तुझा नीट ऐकू यावा म्हणून नळ बंद करून उभी राहिले.

तुझ्यानंतर बोलणारी